शेवटच्या पानांवरचा टाका

"नाव सांग. कारन सांग. मंगच दोरा कापतो."

एवढं बोलून मास्तर कात्री हवेत धरून ठेवायचे. मशीनचं पायडल थांबलेलं, गळ्यात टेप, बोटात पितळी अंगुस्तान, आणि डोळे चष्म्याच्या वरून आपल्याकडे. समोर टेबलावर रहस्यकथेचं एखादं जुनं पुस्तक असायचं आणि त्याची शेवटची दहा-बारा पानं काळ्या दोऱ्याने शिवून बंद केलेली असायची. आपण वाकायचं, त्यांच्या कानात गुन्हेगाराचं नाव सांगायचं. मग त्याने ते का केलं असेल तेही सांगायचं. ऐकताना त्यांच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलायची नाही. बरोबर की चूक, काही पत्ता लागायचा नाही. टाका कच्चा असायचा. एका ठिकाणी कात्री लागली की सगळा दोरा सरकन हातात यायचा.

"जाय आता. घरी जाऊन वाच. रस्त्यानं वाचत जाशीन तं म्हशीले धडकशीन."

बुलढाण्याजवळच्या आमच्या धाड गावच्या बाजारगल्लीत त्यांचं दुकान होतं. एक मशीन, एक बाक, कापडाच्या चिंध्यांचं पोतं आणि मशीनच्या मागे भिंतभर फळ्या. वरच्या फळ्यांवर शिवून झालेले कपडे आणि खालच्या चार फळ्यांवर पुस्तकं. बुलढाण्याला अस्तर-बटणं आणायला गेले की ते रद्दीच्या दुकानात शिरायचे आणि अस्तराच्या पिशवीत पुस्तकं भरून आणायचे. ज्याचे कपडे त्यांच्याकडे शिवायला असत, त्याला ती वाचायला मिळत. गावात शिंप्याला मास्तरच म्हणतात. शाळेतले ते सर आणि दुकानातले हे मास्तर, असा आम्हा पोरांचा सरळ हिशेब होता. तुमच्याही गावात असा एखादा माणूस असेल, ज्याच्या दुकानाचा धंदा एक आणि त्याचा जीव भलत्याच गोष्टीत. बघितलाच असेल तुम्ही.

शेवटची पानं शिवायची ही रीत कशी सुरू झाली, ते मास्तर रागारागाने सांगायचे. एकदा एका गिऱ्हाइकाने पुस्तक परत केलं. मास्तरांनी ते वाचायला घेतलं, चाळीसेक पानं रंगून वाचली आणि पुढच्या पानाच्या समासात पेन्सिलीने लिहिलेलं दिसलं, 'खून काकाने केला.' मास्तरांनी खोडरबराने ते पुसलं. पण डोक्यातून पुसणार कसं?

"मंग तो पुन्हा पँट शिवाले आला," मास्तर सांगायचे. "म्या त्याले दोन महिने निस्त्या ट्रायल देल्ल्या. आज कंबर ढिली, उद्या मांडी टाइट. म्हटलं, तुलेबी कळू दे, शेवट हाती न येनं काय असते ते."

त्या दिवसापासून त्यांच्याकडे आलेल्या प्रत्येक रहस्यकथेची शेवटची पानं आधी सुईखाली जाऊ लागली. गंमत म्हणजे, ती शिवताना ते स्वतः डोळे मिटून घेत. चुकून एखादी ओळ दिसली तर! आणि मग आपणच शिवलेलं पुस्तक ते वाचायला घ्यायचे, टाक्यापर्यंत यायचे, आणि आपला अंदाज बायकोच्या कानात सांगूनच दोरा कापायचे. नियम म्हणजे नियम.

वाचनाच्या नादात त्यांनी कामाची माती केल्याचे किस्से गावात बरेच आहेत. एका नवरदेवाच्या सफारीला त्यांनी दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या. नवरदेवाचा बाप दुकानात येऊन ओरडायला लागला, "मास्तर, हे काय करून ठेवलं? लगन तीन दिवसावर आलं ना!" मास्तर पुस्तक उपडं ठेवत म्हणाले, "काय सांगू बाप्पा, मॅनेजर निघाला. मले तं ड्रायव्हर वाटला होता." बापाला काही कळलं नाही. पण मास्तरांनी त्या बाह्या उसवून रातोरात नीट करून दिल्या, आणि नवरदेव वरातीत त्याच सफारीत नाचला. मी पाहिलाय.

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले ती गणवेशाची उंची सोडून घ्यायला. आमचं घर मिरची आणि कांदा पिकवणारं. तोडणीच्या दिवसांत आईला वेळ नसायचा, म्हणून तिने मला एकटीला पाठवलं. मी बाकावर बसले. समोर पुस्तकं. मी हळूच एक ओढलं आणि वाचायला लागले. उंची सोडून झाली, गणवेश घडी होऊन बाजूला पडला, तरी मी हलले नाही. मास्तरांनी मला हटकलं नाही. मी शेवटाकडे आले तर पानं उघडेनात.

"कोनं केलं?" मास्तर एकदम म्हणाले.

मी दचकले. मग त्यांच्या कानाशी जाऊन नाव सांगितलं.

"काऊन केलं?"

"तो वाईट होता म्हणून."

मास्तरांनी कात्री खाली ठेवली. "वाईट हे कारन नसते वं पोरी. वाईट मानसालेबी काहीतरी पाह्यजे असते. त्याले काय पाह्यजे होतं, ते सांग. नाव तं कोनीबी सांगते."

मला सांगता आलं नाही. त्यांनी दोरा कापला नाही. मी पुस्तक घरी नेलं, पुन्हा पहिल्यापासून वाचलं आणि तिसऱ्या दिवशी कारण घेऊन गेले. ते चूक होतं, हे मला शेवट वाचल्यावर कळलं. पण ते ऐकून मास्तरांनी दोरा कापला होता. चूक असलं तरी चालायचं. विचार केलेला असला पाहिजे, एवढंच त्यांना हवं असायचं.

ज्याचं नाव आणि कारण दोन्ही बरोबर निघेल त्याला ते बटण द्यायचे. म्हणजे हातात नाही. बटणांच्या डब्यातून आपण एक निवडायचं आणि मास्तर ते आपल्या दप्तराच्या पट्ट्याला टाचून द्यायचे. दहावी झाले तेव्हा माझ्या पट्ट्यावर सात बटणं होती, सगळी वेगवेगळ्या रंगांची. आई म्हणायची, "हे काय ध्यान करून ठेवलं दप्तराचं?" मला मात्र ती पदकांसारखी वाटायची. गावातल्या हुशार पोरींना मार्क मिळत. मला बटणं मिळत.

बारावीनंतर मी पुण्याला शिकायला निघाले तेव्हा मास्तरांचा निरोप घ्यायला गेले. त्यांनी मला दोन ड्रेस शिवून ठेवले होते. मापं न घेता. "रोज तं पाह्यतो तुले," म्हणाले. आणि मग, ते मशीनवर वाकलेले असतानाच, "तू एक दिवस लिहिशीन असं पुस्तक. तवा शेवट मले सांगू नको. म्या ओळखीन. तुह्याच कानात सांगीन."

"बरोबर निघालं तर तुम्हाला बटण मीच टाचणार," मी म्हणाले.

"हाव. पन कारनबी पुसजो. सोडू नको मले."

हे सगळं मी इतकं तपशिलाने सांगतेय कारण पुढचं सांगायला जीभ रेटत नाही. पण सांगते.

पुण्यात मी शिकले, एका मुलींच्या शाळेत नोकरीला लागले, आणि बऱ्याच वर्षांनी खरंच तसं पुस्तक लिहिलं. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलामुलींसाठी रहस्यकादंबरी. एका गावात एक मुलगी बेपत्ता होते आणि तिच्या वर्गातली मैत्रीण तिचा माग काढते, अशी. प्रकाशकांकडे बैठक झाली. पुस्तकाकडे मुलं वळतील कशी, यावर सगळे डोकं खाजवत होते. मी म्हणाले, "शेवटची पानं बंद करून विकलं तर? वाचणाऱ्याने आधी नाव आणि कारण लिहायचं, मगच उघडायचं." सगळे माझ्याकडे बघत राहिले. प्रकाशक म्हणाले, "मॅडम, हे भारी आहे."

तिथेच सांगायचं होतं ना, की हे धाडच्या एका मास्तरांचं आहे? नाही सांगितलं. मनात म्हटलं, प्रस्तावनेत लिहू. मग प्रस्तावनाच ठेवायची नाही असं ठरलं, मुलं वाचत नाहीत म्हणून. मग मनात म्हटलं, कार्यक्रमात सांगू. शेवटच्या पानांना प्रकाशकांनी चिकटपट्टी लावली, वर लाल अक्षरात 'थांबा!' छापलं, आणि पुस्तक बाजारात आलं.

जाहिरातीसाठी त्यांनी लेखिकेशी ऑनलाइन गप्पा ठेवल्या. संध्याकाळी पाच वाजता, फोनवर, कुणीही कुठूनही बघू शकेल अशा. मी मास्तरांना फोन केला. फोन त्यांच्या सुनेने, सविताने उचलला. आता दुकानात एका बाजूला तिचं फॉल-पिकोचं मशीन आहे. तिने फोन मास्तरांच्या कानाला लावला. आवाज म्हातारा झाला होता.

"मास्तर, मी पुस्तक कुरियर केलंय. आणि त्या कार्यक्रमात मी तुमचं नाव घेणार आहे. ऐकायचं हं. सविताला लावून द्यायला सांगा."

"माह्यं कायले? पुस्तकाचं घे."

"घेणार म्हणजे घेणार. ही पानं बंद करायची रीत तुमचीच ना?"

मागे मशीनचा आवाज येत होता. सविताचं मशीन असणार. मग म्हणाले, "बरं. पाह्यतो म्या."

त्या संध्याकाळी मी पुण्यातल्या माझ्या खोलीत बसले होते. समोर गोल दिवा, मागे पुस्तकांचं कपाट मुद्दाम सरळ करून ठेवलेलं, अंगावर नवी साडी. मला बोलतं करायला प्रकाशकांनी एक मुलगी नेमली होती, चटपटीत, गोड, सारखी हसणारी. पडद्यावर खालून वर लोकांचे संदेश सरकत होते. पहिल्या पाच मिनिटांतच एक संदेश आला. नाव होतं, 'सविता फॉल पिको सेंटर'. संदेश होता, 'नमस्कार.' पुन्हा, 'नमस्कार.' मग पुन्हा.

ती मुलगी हसली. "अरे वा, फॉल पिको सेंटरवाल्या ताईंचे तीन-तीन नमस्कार! ताई, आमच्या मॅडमच्या साडीला फॉल लावून द्यायचा का?"

आणि मीही हसले.

मला कळलं होतं ते कोण आहे. न कळायला काय झालं? जगात एकच सविता फॉल पिको सेंटर मला माहीत होतं. तरी मी हसले. "नमस्कार ताई," म्हटलं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले. थोड्या वेळाने पुन्हा तिकडूनच संदेश आला, 'हात वर केला आहे. दिसते का?' त्या मुलीला ते फारच मजेशीर वाटलं. "हात वर केलाय म्हणे! खाली घ्या ताई, दुखेल!" माझंही हसू तोंडावर तसंच राहिलं. नंतर मी ते चित्रण पाहिलंय, त्यात ते दिसतं.

मग तिने विचारलं, "मॅडम, आता सगळ्यांच्या मनातला प्रश्न. शेवट बंद करून द्यायची ही इतकी वेगळी कल्पना तुम्हाला सुचली कशी?"

मी तोंड उघडलं. खरं सांगायचं म्हणून उघडलं होतं. डोळ्यांसमोर मास्तरांचं दुकान आलं, चिंध्यांचं पोतं, पितळी अंगुस्तान. आणि आत्ताच ज्या नावावर आम्ही दोघी हसलो होतो ते नाव. आता लगेच, 'ही कल्पना त्याच दुकानातली' असं कसं म्हणायचं? मी म्हणाले, "अशीच सुचली. एकदा प्रवासात होते, बसमध्ये. अचानक."

"किती सुंदर!" ती म्हणाली. पडद्यावर टाळ्यांची चित्रं वर सरकली.

कार्यक्रम आणखी वीस मिनिटं चालला. मी प्रकाशकांचे आभार मानले, मुखपृष्ठ करणाऱ्याचे मानले, त्या मुलीचे मानले, वाचकांचे मानले. मग सगळं बंद झालं आणि मी साडी बदलायला उठले.

दुसऱ्या दिवशी मास्तरांचा आवाजातला निरोप आला. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. बोलायलाच हवं होतं. ते म्हणाले, "पोरी, कार्यक्रम चांगला झाला. थोडं हळू बोलत जाय, काही काही शब्द उडते. पुस्तक आलं बरं का कुरियरनं. वाचून राह्यलो." बस. मी तो निरोप चारदा ऐकला, त्यात कुठे राग लपलाय का ते शोधत. नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

पंधरा दिवसांनी दुसरा निरोप. "आलो वं टाक्यापावतर. ओळखलं म्या. कारनबी धरलं. फोनवर नाही सांगत, कानातच सांगीन. येजो."

मी लिहून कळवलं, 'सहामाही परीक्षा झाली की येते.' परीक्षा झाली. मग दिवाळी आली, तेव्हा आई-बाबाच पुण्याला आले म्हणून मी गेले नाही. मग शाळेचं स्नेहसंमेलन. कारणं मिळत गेली. खरी गोष्ट अशी की मला त्यांच्यासमोर उभं राहायची लाज वाटत होती. ज्या माणसाने मला 'का केलं' हे विचारायला शिकवलं, तो माझ्याकडे चष्म्याच्या वरून बघेल आणि विचारेल, या भीतीने मी पुण्यात बसून राहिले. तिसरा निरोप आला तो फक्त एका शब्दाचा होता. "येजो."

उन्हाळा लागता लागता सविताचा फोन आला. मास्तर गेले. सकाळी दुकान उघडलं, मशीनला तेल घातलं, बाकावर बसले आणि तिथेच कलंडले.

मी गेले ती सगळं दिवसकार्य उरकल्यावर. बुलढाण्याहून जीपने धाडला उतरले आणि घरी बॅग न टाकता आधी दुकानात गेले. मास्तरांच्या मशीनवर एक धुतलेली चादर टाकली होती. सविता आपल्या मशीनवर साडीला पिको करत होती. बाकावर दोन शाळकरी पोरी पुस्तकात नाक खुपसून बसल्या होत्या. एकीच्या दप्तराच्या पट्ट्यावर तीन बटणं होती. म्हणजे ते सगळं चालूच होतं तर. मला कसलीच कल्पना नव्हती.

सविताने पाणी दिलं. बऱ्याच वेळाने म्हणाली, "ताई, त्या दिवशीचं सांगू का तुमाले? तुमच्या कार्यक्रमाचं."

"सांग."

"बाजाराचा दिवस होता. बाबांनी बाजाराच्या दिवशी दुकान बंद ठेवलेलं म्या कधी पाह्यलं नाही. त्या दिवशी चार वाजताच शटर अर्धं खाली. गिऱ्हाइकं वापस पाठवली. लग्नात घालते तो पांढरा सदरा घातला, इस्तरी करून. पोरी बोलावल्या, आठ-दहा. बाक शेजारून मांगून आनले. फोन मशीनवर उभा केला. अन् तुम्ही दिसल्या, तं सगळ्यायले उभं राहाले लावलं. मले म्हने, 'नमस्कार लिही.' त्यायले वाटे, तुमाले आम्ही दिसून राह्यलो. म्या म्हटलं, बाबा, ते तिकून नाही दिसत. तं म्हने, 'आपल्याले ते दिसते, तं तिले आपन काऊन नाही दिसनार?' मंग हातच वर करून बसले. लय वेळ."

पिकोचं मशीन तिने केव्हाच थांबवलं होतं.

"अन् मंग तुमाले विचारलं, कसं सुचलं म्हनून. तुम्ही बसमधलं सांगितलं. तं ही," तिने तीन बटणांच्या पोरीकडे बोट दाखवलं, "ही म्हने, 'मास्तर, हे तं तुमचंच आहे ना?' बाबा म्हने, 'चूप वं. रहस्यकथा लिहिनारी आहे ते. नाव कधी येते? शेवटीच येते.' मंग सगळे वाट पाहत बसलो, शेवटाची."

मी खाली बघत होते. फरशीवर कापडाच्या चिंध्या पडल्या होत्या.

"अन् मंग?"

"मंग तुमचं बंद झालं. बाबा थोडे थांबले. पोरीयले म्हने, 'नेटवर्क गेलं. त्यात राह्यलं नाव.' अन् उठून शटर वर केलं."

त्या पोरी पुस्तकातून डोकं वर काढून माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या नजरेत राग नव्हता, नुसतं कुतूहल होतं. त्यांना खरंच वाटत होतं की नेटवर्क गेलं होतं. हे त्यांना तसंच वाटू द्यावं, असा एक मोह मला झाला, लपवत नाही.

सविताने फळीवरून माझं पुस्तक काढून दिलं. कुरियरच्या वाटेवरच्या उन्हाने म्हणा की हलक्या डिंकाने म्हणा, प्रकाशकांची चिकटपट्टी एका बाजूने सुटून लोंबत होती. 'थांबा!' उलटं झालं होतं. पानं मोकळी झालेली, कुणीही उघडावीत अशी. आणि त्या मोकळ्या पानांवर काळ्या दोऱ्याचा कच्चा टाका होता. हात कापत असणार, टाके पूर्वीसारखे एकसमान नव्हते, एखादा लांब, एखादा आखूड.

"आलं तवाच उघडं होतं," सविता म्हणाली. "आधी डोळे मिटून शिवलं, अन् मंग वाचाले घेतलं."

"आणि त्यांचं उत्तर? तुला सांगितलं त्यांनी?"

"नाही ना ताई. म्या लय पुसलं. म्हने, 'ज्याले सांगाचं त्यालेच सांगीन.'"

मी बाकावर त्या पोरींच्या शेजारी बसले. रडायचा मला हक्क नव्हता. मी त्यांना म्हणाले, "त्या दिवशी नेटवर्क गेलं नव्हतं."

दोघींनी पुस्तकं मिटली.

"पानं शिवायची रीत मास्तरांची. ती मी उचलली, आणि माझीच म्हणून सांगितली. मी केलं."

मग त्या तीन बटणांच्या पोरीने विचारलं. तिला तसंच शिकवलेलं होतं, तिचा काही दोष नाही. "काऊन केलं?"

"मला..." मी सुरुवात केली. प्रकाशक, प्रस्तावना, ती हसरी मुलगी, सगळं ओठांवर आलं. पण त्यातलं एकही कारण नव्हतं. "मला त्या लोकांत हुशार दिसायचं होतं. आणि तुमच्या दुकानाचं नाव घेतलं असतं तर ते मला हसतील असं वाटलं."

पोरीने सविताकडे पाहिलं. सविता उठली. तिने फळीवरचा बटणांचा डबा काढून माझ्यासमोर धरला. मी मान हलवून नको म्हटलं. ती म्हणाली, "घ्या ताई. नाव बरोबर आहे, कारनबी बरोबर आहे. नियम तं नियमच ना." मी हात पुढे केला नाही, तेव्हा तिनेच एक साधं पांढरं बटण काढलं, सदऱ्याचं असतं तसं, आणि माझ्या पर्सच्या पट्ट्याला टाचलं. दोरा दातांनी तोडला.

मी पुस्तक आणि कात्री तिच्यासमोर ठेवली. "हे तरी काप," म्हटलं.

तिने टाक्यांवरून बोट फिरवलं आणि कात्री बाजूला सारली. "हे कसं कापू? बाबांनी नाव कुठं सांगितलं कोनाले."

तिने पुस्तक फळीवर परत ठेवलं, इतर पुस्तकांच्या रांगेत. ते अजून तिथेच आहे. पोरी त्याच्या दोन्ही बाजूंची पुस्तकं नेतात, आणतात, सविताच्या कानात कुजबुजतात आणि सविता दोरा कापते. ते एक पुस्तक कुणी मागत नाही. मास्तर ते वाचून राह्यले आहेत, असंच सगळ्या धरून चालतात.